स्टेपनीचे चार आकडे

लासुर्ण्यात, बारामती-इंदापूर रस्त्याला लागूनच साहेबराव साबळ्यांचं टायरचं दुकान आहे. दुकान कसलं, पुढं पत्र्याचं शेड, मागं तीन खोल्यांचं घर आणि मधल्या अंगणात टायरांचे ढीग. पण या पट्ट्यात टायरमधलं साहेबरावांइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही, हे त्यांच्याशी भांडलेली माणसंसुद्धा कबूल करायची. उसाने भरलेली ट्रॉली दारात उभी राहिली की हा गडी मीटर न लावता टायरवर नुसती लोखंडी टॉमी आपटायचा आणि सांगायचा, "डाव्या अंगाला आठ पौंड कमी हाय." मीटर लावून बघावं तर आठच!

तोंडानं मात्र भलता फटकळ. गुळगुळीत टायरवर कुणी आलं की आधी त्याचा उद्धार व्हायचा. "बायकापोरं घिऊन हिंडतुयास ह्याच्यावर? लाज कशी वाटत न्हाय रं?" पुढच्या चाकाला रिमोल्ड टायर बसवून द्या म्हणणाऱ्या एका बागाईतदाराला त्यांनी दारातनं परत पाठवलं होतं. रिमोल्ड म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेला. मागं चालतो, पुढं नाही. मागचा फुटला तर गाडी फरफटते, पुढचा फुटला तर गाडी हातातच राहत नाही. बागाईतदार जाताना चार शिव्या देऊन गेला आणि दोन महिन्यांनी गुपचूप नवे टायर बसवायला इथंच आला. साहेबरावांचा असा दरारा होता.

आता एक गोष्ट सांगितली तर शहरातल्या माणसाला थापच वाटेल. या भागात उसाच्या बैलगाड्यांना एके काळी विमानाचे टायर असायचे. विमानातून उतरवलेले जुने टायर लिलावात निघायचे, कुठून कुठून फिरत इकडं यायचे आणि कारखान्याला ऊस ओढायला लागायचे. त्यांच्यावर इंग्रजीत छापलेलं असायचं की हा टायर ताशी अमुक इतक्या मैलांपर्यंतच पळवावा. आकडा दोनशेच्या वर! आणि पुढं जुंपलेली खिलारी जोडी. साहेबराव तो आकडा गाडीवानांना मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "बैलांना सांग बाबा, ह्याच्यापरीस जोरात पळू नगा." गाडीवान पोट धरून हसायचे.

त्यातलाच एक टायर साहेबरावांनी विकला नाही. मुलगा बुद्धघोष वर्षाचा होता, तेव्हा ताईबाई, म्हणजे त्याची आई, त्या टायरात गोधडी घालून त्याला निजवायची. पोरगा मोठा झाला आणि त्या टायरावरची अक्षरं बोटानं गिरवत इंग्रजी वाचायला शिकला. मग काय, डोक्यात विमानच शिरलं. हवाई दलात जायचं म्हणून त्यानं जिवाचं रान केलं. लेखी परीक्षा निघाली, मुलाखत निघाली, आणि डोळ्यांच्या तपासणीत रंगीत ठिपक्यांमधला आकडा काही त्याला दिसला नाही. हिरवा आणि तांबडा त्याला सारखाच. घरी येऊन दोन दिवस तो त्या विमानाच्या टायरावर बसून राहिला.  

पुढं बुद्धघोष बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत कॉम्प्युटरवर लागला. ताईबाई तेवढं बघून गेली. आणि पोरानं घरच्या कॉम्प्युटरवर लढाऊ विमान उडवायला सुरुवात केली. पोरंसोरं खेळतात तसला खेळ नव्हे. खऱ्या विमानासारखी चालणारी विमानं, हातात दांडा, पायाखाली पॅडल, पडद्यावर धावपट्टी. देशोदेशीचे शौकीन त्यात एकेक भाग खऱ्यासारखा करायला झटत असतात. कुणी इंजिन बघतं, कुणी रडार. बुद्धघोषनं काय घेतलं असेल? चाकं! ब्रेक किती तापतात, टायर किती वेगाला फुटतो, किती वजन पेलतो, हे त्यानं आपल्याकडं घेतलं.

"तात्या," त्यानं पहिल्यांदा विचारलं, "विमान थांबल्यावर ब्रेक गार व्हायला पायजेत ना? मग पुस्तकात तर थांबल्यावर अजून तापतात असं लिवलंय."

"तापणारच की येड्या," साहेबराव म्हणाले. "घाट उतरून ट्रक येतू, थांबतू, आन् धा मिन्टांनी रिमला हात लाव, चामडं निघंल. पळताना वारा लागतू. थांबल्यावर आतली आग भाईर येती. तवा थांबल्या थांबल्या टायरसमोर हुबं ऱ्हायचं न्हाय."

बुद्धघोष वही घेऊन बसला. त्या दिवसापासून संध्याकाळी दुकान आवरलं की साहेबराव पोराच्या मागं स्टुलावर बसायला लागले. त्यांना विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं. शत्रू कुठनं आला, गोळा कुणी सोडला, कशाशी देणंघेणं नाही. विमान उतरायला लागलं की मात्र हा म्हातारा स्टुलावरनं उठायचा. चाकं टेकली की ओरडायचा, "सोड! सोड बुधा, ब्रेक सोड! दाब, सोड, दाब, सोड!"

लोणी भापकरचा रविराज हा बुद्धघोषचा जोडीदार, आपल्या घरून फोनवर बोलत त्याच्याबरोबर उडायचा. त्याच्या कानात हा आरडाओरडा जायचा आणि तो हसून बेजार व्हायचा. पुढं बुद्धघोषनं काय करावं? तात्यांचा आवाज रेकॉर्ड करून विमानातच घातला. कुणी ब्रेक दाबून धरला आणि चाक तापायला लागलं की विमानात साहेबराव ओरडायचे. परदेशातली माणसं म्हणे ते ऐकून ब्रेक सोडायला शिकली. साहेबराव वरवर चिडले. "माजं हसं करतुयास व्हय रं!" आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्या ड्रायव्हरला स्वतःच सांगत सुटले.

मग लग्न होऊन मेघना घरात आली. बारामतीत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला, मोजकं बोलणारी पोरगी. तिला तो खेळ फारसा आवडायचा नाही, पण बापलेक एका पडद्यापुढं बसून भांडतात याचं तिला बरं वाटायचं. चहा ठेवून ती दारात उभी राहायची. एक ताईबाई सोडली, तर घरात तेव्हा कशाची म्हणून उणीव नव्हती.

आणि आता ते सांगायलाच हवं, जे साहेबरावांनी वर्षभर कुणाला सांगितलं नाही.

टायरवाल्याच्या घरच्या गाडीला कधी नवे टायर नसतात. ही या धंद्यातली रीतच आहे. गिऱ्हाईक नवं घालतं, जुनं टाकून जातं, त्यातलं बरं बघून आपल्या गाडीला लावायचं. साहेबरावांच्या पिकअपला चार चाकांना चार गावचे टायर असायचे. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात पुढचं डावं चाक झिजलं. त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं जीपची स्टेपनी टाकून दिली होती. जादा म्हणून मागं अडकवलेलं ते चाक एकदाही रस्त्यावर पळालेलं नव्हतं. वरची नक्षी कोरी करकरीत. साहेबरावांना हर्ष झाला. त्यांनी तो टायर पुढं डाव्या अंगाला बसवून टाकला.

प्रत्येक टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर कधी जन्मला ते त्यावरनं कळतं. आजवर हजारो गिऱ्हाइकांना साहेबरावांनी हे आकडे वाचून दाखवले असतील. सहा वर्षांच्या वरचा टायर पुढं घालायचा नाही, नक्षी कितीही कोरी असू दे. पडून राहिलेलं रबर आतल्या आत वाळतं. पण या टायरचे आकडे चाक बसवताना आतल्या बाजूला गेले होते. बघायचं तर गाडीखाली वाकावं लागणार. दुपारचं ऊन, गुडघा दुखत होता, आणि गाडी घरचीच होती.

बुद्धघोष फोनवर बोलत बाहेर आला. "आलोच, आलोच," म्हणाला आणि फोन खिशात टाकला. मेघनाला आणायला बारामतीला निघाला होता. चाकाकडं बघून थांबला.

"तात्या, आकडं बघितलं का?"

"बघितलं," साहेबराव म्हणाले. "मला शिकवतुस व्हय? जा गुमान."

पोरगा हसला आणि गाडीत बसला.

सणसरच्या अलीकडं तो टायर फुटला. गाडी डावीकडं ओढली गेली आणि चिंचेच्या बुंध्यावर आदळली. साहेबराव पोचले तेव्हा बुद्धघोषला हलवलं होतं. दवाखान्याच्या दारात त्यांना सांगितलं गेलं, पोरगा गेला. पुढचं सारं त्यांना धड आठवत नाही. एवढंच आठवतं, की कुणा पोलिसानं वही काढून विचारलं होतं, "टायर कसे होते?" आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं, "चांगलं हुतं. म्याच बसावलं हुतं." साबळ्यांच्या हातचा टायर म्हटल्यावर पुढं कोण बोलणार? मग लिहिलं गेलं, अतिवेग.

गावाला तेवढं पुरलं. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा, गाडीसुद्धा विमानासारखीच पळवली असणार. पारावर, डेअरीत, सगळीकडं हेच. खेळानं पोरगं खाल्लं. साहेबरावांच्या समोर लोक बोलायचे आणि साहेबराव मान खाली घालून ऐकून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोडक्या गाडीतला तो टायर काढून आणला, गुडघे टेकून त्याचे आकडे वाचले आणि अंगणातल्या ढिगाच्या पार तळाशी घातला.

मेघना माहेरी गेली नाही. "मामांना कोण हाय?" म्हणाली आणि सकाळी दोघांच्या भाकरी थापून लॅबला जात राहिली. पण नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून कपाटावर टाकला. भिंतीवर बुद्धघोषचा फोटो लावला होता, त्याच्याकडं ती बघायची नाही. शेजारची कुणी रडायला आली तर म्हणायची, "त्यांनीच ओढवून घेतलं. वेगाचं वेड होतं." साहेबराव समोर जेवत असायचे. घास फिरत राहायचा तोंडात. किती वेळा वाटलं, आता सांगावं. आणि सांगितलं तर ही पण जाईल, उद्यापासून या घरात कुणी "मामा, भाकरी वाढू का" असंही म्हणणार नाही, ही भीती वर यायची. भित्रा नव्हता हो तो माणूस. पण एकटेपणाला भ्याला.

वर्ष झालं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. भंतेजी आले, वंदना झाली, चार माणसं चांगलं बोलली. एक जण बोलता बोलता म्हणाला, "तरुणांनी वेगावर ताबा ठेवावा, हाच बुद्धघोषच्या जाण्यातला धडा." साहेबराव मांडवाचा खांब धरून उभे होते. मेघना मान वर न करता खिरीच्या वाट्या भरत राहिली.

माणसं पांगल्यावर रविराज मागं राहिला. मेघनानंच त्याला निरोप धाडला होता, की तो कॉम्प्युटर घेऊन जा, मला घरात नको.

"चालू होतुय का तेवढं बघतो, वहिनी," रविराज म्हणाला. त्यानं चादर सोडली, तारा जोडल्या, दांडा आणि पॅडल लावलं. साहेबराव जुन्या सवयीनं स्टुलावर येऊन बसले. मेघना दारात उभी राहिली, आत आली नाही.

पडद्यावर धावपट्टी आली. रविराजनं विमान उतरवलं आणि वर्षभरात सवय मोडल्यामुळं म्हणा, ब्रेक दाबून धरला. खोलीत आवाज घुमला.

"सोड! सोड बुधा, ब्रेक सोड!"

मेघनानं दाराची चौकट धरली. रविराज हसायला गेला आणि त्याला हुंदका आला. साहेबराव त्या आवाजाकडं बघत राहिले. पोराच्या नावानं हाक मारणारा तो धडधाकट माणूस आपणच, हे त्यांना खरं वाटेना.

"हे काय हाय?" रविराज डोळे पुसून पडद्याजवळ वाकला. "टायरचं वय. हे मला दाखवलं न्हवतं त्यानं." त्यानं तिथं दहा वर्षं असा आकडा भरला आणि विमान परत उतरवायला घेतलं. या वेळी सगळं नीट केलं. वेग बेताचा, ब्रेक दाब-सोड, दाब-सोड. चाकं टेकली, विमान सरळ पळालं, आणि एकदम डाव्या अंगाला टायर फुटला. विमान वळलं, पट्टीच्या बाहेर गेलं, आडवं झालं.

मेघना आत आली.

"वेग जास्त होता का?"

"न्हाय वहिनी. बराच कमी हुता."

"मग ब्रेक?"

"ब्रेक बी बराबर. मी काय चुकलोच न्हाय." रविराज गोंधळला होता. त्यानं पडद्यावर खाली बघितलं. तिथं बुद्धघोषनं स्वतःसाठी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. तारीख त्याच्या जाण्याच्या तीन दिवस आधीची. रविराजनं त्या वाचल्या. "तात्या म्हणतात, पडून राहिलेला टायर आतून मरतो. सहा वर्षांच्या वरचा पुढच्या चाकाला नको. याला इशाऱ्याचा आवाज ठेवायचा नाही. जुना टायर फुटायच्या आधी सांगत नाही. निघायच्या आधी माणसानंच वाकून बघायचं."

 मेघना पडद्यावरच्या आडव्या पडलेल्या विमानाकडं बघत होती. मग तिनं सावकाश मान वळवून सासऱ्याकडं बघितलं.  आता गप्प बसलो तर पोराला दुसऱ्यांदा मारल्यासारखं होईल, हे साहेबरावांना कळलं.

"बुधा जोरात न्हवता गं," ते म्हणाले. "टायर जुना हुता. म्या बसावला. आकडं न बघता."

रविराज उठून उभा राहिला.

"त्यानं इचारलं हुतं मला. तात्या, आकडं बघितलं का. आन् म्या म्हन्लं, बघितलं." साहेबरावांनी गुडघ्यावर हात ठेवला. "न्हवतं बघितलं. गुडघा दुखत हुता म्हनून वाकलो न्हाय. पोरानं परत वाकून बघितलं न्हाय, मेघना. माज्या सबदावर बसला त्यो गाडीत."

"कुठंय तो टायर?" तिनं विचारलं.

अंगणात ऊन कलत होतं. साहेबरावांनी ढीग उपसायला घेतला. रविराज मदतीला पुढं झाला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. एकेक टायर बाजूला काढत ते तळापर्यंत गेले आणि तो फाटलेला टायर ओढून तिच्या पायापाशी आणला. मेघना उकिडवी बसली. धूळ पदरानं पुसली. आकड्यांवरनं बोट फिरवलं.

"चौतीस चौदा."

"चवदा सालचा चौतिसावा आठवडा. धा वरसं झाली हुती त्याला."

 साहेबरावांना वाटलं, आता ही शिव्या देईल. द्याव्यात. आता उठेल आणि बॅग भरेल. भरू दे. वर्षभर ज्याला भ्यालो ते एकदाचं होऊन जाऊ दे.

"त्या दिवशी मी फोन केला होता, मामा," ती म्हणाली.

साहेबरावांना ते पटकन समजलं नाही.

"दुपारी. लई ऊन हाय, डोकं दुखतंय, लवकर या, असं मी म्हणाले. आलोच आलोच, म्हणाले ते." तिनं टायरवरचं बोट उचललं नव्हतं. "लोक म्हणायचे, वेगात होता. मग मला वाटायचं, मीच तर लवकर या म्हणाले. माझ्यासाठी पळवली गाडी. वर्ष झालं, रोज वाटतंय. कुणाला सांगू? म्हणून त्यांच्यावरच राग धरला. त्या कॉम्प्युटरवर धरला. फोटोकडं बघायची हिंमत नव्हती मला."

साहेबराव टायरांच्या पसाऱ्यात खाली बसले. आपण आपलं पाप मेलेल्या पोराच्या माथी मारलं, एवढंच ते समजून होते. मेलेल्याला काय लागतंय, अशी स्वतःची समजूतही घातली होती कधी कधी. ते ओझं रोज सकाळी आपल्याला भाकरी थापून देणारी ही पोरगी वाहत होती, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले. 

मेघना उठली. त्यांच्याकडं न बघता घरात गेली. रविराज कुंपणाशी पाठ करून उभा होता. रस्त्यावरनं एक टेम्पो हॉर्न वाजवत दुकानापुढं थांबला, कुणी उठत नाही बघून पुढं निघून गेला.

आतल्या खोलीत फोटो भिंतीवरनं काढल्याचा आवाज आला. मग तिचा. वर्षभर त्या घरात न ऐकलेला, नवऱ्याशी बोलायचा आवाज.

"तुमी हळूच येत होता," ती म्हणत होती. "मला न्यायला हळूच येत होता तुमी."